चवीचे आणि किफायतीचे टोमॅटो कसे पारखावे?

टोमॅटो हे मूळचे आपल्या देशचे फळ नव्हे. त्याचे आदिस्थान दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात असून मेक्सिकोत ते चांगले लागवडीखाली आले. सोळाव्या शतकात ते युरोपात गेले व पुढे पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्या किनाऱ्यास लागले, असे सामान्यतः मानतात. वेलवांगी, टंबाटे, भेदरे अशी त्याची जुनी नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडून अद्यापि ऐकू येतात. आज तर ज्या घरी आठवड्याच्या भाजीत टोमॅटो नाही, असे घर विरळाच.

असे असता ह्या फळाविषयी शहरातील गिऱ्हाईक व खेड्यातील शेतकरी हे दोघेही असंतुष्ट आहेत. गिऱ्हाईक म्हणते, ‘रंग आहे, पण रुची नाही; आणि भाव तर विचारू नये.’ शेतकरी म्हणतो, ‘माल उत्तम, पण दाम नाही.’ दोघांचेही म्हणणे खरे आहे. २०२३ च्या मे महिन्यात नाशिक जिल्ह्यात किलोस दोन-तीन रुपयेही न मिळाल्यामुळे शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्याच्या कडेस ओतून दिले. आणि त्याच साली जुलैत शहरांतून भाव शंभराच्या पलीकडे गेला. त्या वेळी केंद्र सरकारला १४ जुलैपासून काही शहरांत किलोस ९० रुपये अशा सवलतीच्या दराने टोमॅटो विकावे लागले. भावाची ही चढउतार एका लेखाने थांबणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि, खाणारा जर चवीची पारख करू लागला, तर चवीचा माल पिकविणाऱ्यास त्याचे मोल मिळेल, व दोघांचाही काही अंशी लाभ होईल. ह्या हेतूने हा पाठ आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरीही वर्षातून काही महिने टोमॅटो विकतच आणावे लागतात; त्यांसही तो उपयोगी पडावा.

१. चव कशात असते?

टोमॅटोच्या शंभर भागांत सुमारे चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग केवळ पाणी असते. उरलेल्या पाच-सहा भागांत साखर, आंबटपणा देणारी आम्ले, क्षार व तंतू असतात. आणि चव म्हणून जी काही आहे ती ह्याच पाच-सहा भागांत. साखर व आम्ल ही दोन्ही भरपूर असतील तर फळ रुचकर लागते. आम्ल भरपूर व साखर कमी असेल तर ते नुसते आंबट, साखर असून आम्ल कमी असेल तर मिळमिळीत, आणि दोन्ही कमी असतील तर पाणचट लागते. ह्यांखेरीज फळात उडून जाणारी सुगंधी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात. ती इतकी थोडी असली तरी टोमॅटोस ‘टोमॅटोपणा’ देणारी तीच होत.

फळ आडवे कापले असता आत जे कप्पे दिसतात, त्यांतील बियांभोवतालचा बुळबुळीत रस पुष्कळ लोक काढून टाकतात. ही चूक आहे. बाहेरच्या गरापेक्षा ह्या रसात आम्ल अधिक असते, आणि ज्यामुळे सार किंवा रस्सा भरदार लागतो ते ग्लुटामिक आम्लही ह्यातच अधिक असते. कोशिंबीर पातळ होऊ नये म्हणून रस वेगळा काढावयाचा असल्यास तो आमटीत घालावा. मोरीत ओतू नये.

२. वेलीवर पिकणे व पेटीत पिकणे

केळे किंवा आंबा कच्चा उतरविला तरी आढीत गोड होतो. कारण त्या फळांत पिठूळ द्रव्याचा मोठा साठा असतो व पिकताना त्याची साखर बनते. टोमॅटोत पूर्ण वाढीच्या वेळी असा साठा फारच थोडा उरलेला असतो. म्हणून झाडावरून तोडल्यावर टोमॅटो लाल होतो, मऊ होतो, त्याचा आंबटपणाही काहीसा उतरतो. पण झाडाकडून येणारी साखर मात्र तोडणीच्या क्षणीच थांबते. पेटीत रंग येतो, गोडी वाढत नाही, हे ह्या विषयातील मुख्य सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे.

हिरवे फळही दोन प्रकारचे असते. एक पूर्ण वाढीचे व दुसरे अपक्व. धारदार सुरीने आडवे कापले असता ज्याच्या बिया रसात घसरून बाजूस होतात व कापल्या जात नाहीत, ते पूर्ण वाढीचे समजावे. ज्याच्या बिया सुरीखाली सरळ कापल्या जातात ते अपक्व. असे फळ पुढे कितीही लाल झाले तरी त्यास चव येणे नाही. भाव तेजीत असता घाईने तोडलेल्या मालात अशी फळे पुष्कळ मिसळलेली असतात. म्हणून महागाईच्या दिवसांत टोमॅटो महागही व बेचवही, असा दुहेरी तोटा गिऱ्हाइकास सोसावा लागतो.

दूरच्या पेठेस माल धाडणारा शेतकरी फळाच्या तळाशी फिकट गुलाबी छटा दिसू लागताच तोडणी करतो. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथून निघालेली वीस किलोंची जाळी शेकडो मैल जावयाची असते, तेव्हा ह्याविषयी त्यास दोष देता येत नाही. उलट जवळच्या गावाहून सकाळी आलेला माल अधिक दिवस वेलीवर राहिलेला असण्याचा संभव मोठा. म्हणून भाजीवाल्यास ‘हा माल कोठला? तोड कधीची?’ असे दोन प्रश्न विचारण्याची सवय गिऱ्हाइकाने लावून घ्यावी.

३. नजर, हात आणि नाक

नजरेने काय पाहावे : रंग सर्वत्र सारखा व खोल असावा. देठाजवळच्या खांद्याशी पिवळा, कठीण पट्टा असल्यास तो भाग शिजूनही कडक राहतो. असा पट्टा उन्हाच्या तापाने किंवा जमिनीत पालाश कमी पडल्याने येतो. खालच्या टोकाशी काळा, दबलेला, चामड्यासारखा डाग असल्यास झाडास चुन्याचे द्रव्य पुरेसे पोहोचले नाही, असे समजावे. तेवढा भाग कापून बाकीचे फळ वापरता येते, परंतु त्याचा भाव कमी करून घ्यावा. वाटोळे भोक असल्यास आत अळी असण्याचा संभव असतो. असे फळ घेऊ नये. देठाभोवती वाळून खपली धरलेल्या भेगांमुळे मात्र चवीस काही बाध येत नाही. अशी फळे दिसावयास वाईट म्हणून स्वस्त मिळतात, व त्याच दिवशी सार करावयाचे असल्यास तीच शहाण्या गिऱ्हाइकाने उचलावी. ओल्या, ताज्या भेगांची फळे मात्र टाळावी, कारण त्यांत बुरशी लवकर शिरते.

फळावर फिकट वलये किंवा पिवळे-लाल पट्टे दिसल्यास ते बहुधा विषाणूरोगाचे चिन्ह असते. २०२० च्या मे महिन्यात पुणे, नगर, नाशिक, सातारा ह्या भागांत असा रोग पडला असता, हे टोमॅटो खाल्ल्याने माणसांस अपाय होतो, अशी निराधार हूल उठली व शेतकऱ्यांचे रोगाने झाले नसेल इतके नुकसान अफवेने झाले. वनस्पतींचे हे विषाणू माणसास बाधत नाहीत. अशी फळे एकसारखी पिकत नाहीत, म्हणून कमी प्रतीची होत. एवढाच त्यांचा दोष.

हाताने काय पाहावे : सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत घ्यावी. जे जड लागेल ते निवडावे. हलके फळ बहुधा आतून पोकळ असते. फलधारणा नीट न झाल्याने किंवा नत्र अति दिल्याने कप्प्यांत रस भरत नाही. फळ दाबून पाहू नये, कारण दाबलेले फळ दुसऱ्या दिवशी सडते व त्याचा तोटा गरीब विक्रेत्यास होतो. तळहातावर घेऊन बोटांच्या हलक्या स्पर्शाने जेवढे कळते तेवढे पुरे आहे.

नाकाने काय पाहावे : पुष्कळ लोक हिरव्या देठाचा उग्र वास घेऊन ‘ताजा आहे’ असे म्हणतात. तो वास देठाचा व पानाचा आहे, फळाचा नव्हे. देठ निघालेले फळ घेऊन त्याचा वास घ्यावा. पिकलेल्या फळास मंद, गोडसर गंध येतो. काहीच गंध येत नसल्यास फळ कच्चे तोडलेले किंवा थंडीत ठेवलेले असावे.

४. जात आणि उपयोग

एकाच प्रकारचा टोमॅटो सर्व कामांस चांगला नसतो. ज्यास बाजारात गावरान किंवा गावठी म्हणतात तो चपटा, खाचांचा, पातळ सालीचा व रसाळ असतो. तो दोन दिवसांहून अधिक टिकत नाही. पण सार, आमटी व रस्सा ह्यांस त्यासारखा दुसरा नाही. लांबट, जाड गराचा, कमी बियांचा संकरित टोमॅटो चटणीस, घट्ट रसास व चकत्या करण्यास बरा, व तो आठवडाभर टिकतो. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची पुसा रुबी ही जुनी जात चपटगोल व आंबट रसाची म्हणून प्रसिद्ध आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या भाग्यश्री, धनश्री, राजश्री ह्या जाती आपल्या प्रांतात परिचित आहेत. बंगळूरच्या संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात पानांचा पर्णगुच्छ, मर व करपा ह्या तीन रोगांस तोंड देणारी म्हणून लावतात.

संकरित तितके बेचव, असे मात्र म्हणता येणार नाही. चव कमी होण्याचे एक कारण निराळेच आहे. जुन्या जातींच्या कच्च्या फळांच्या खांद्याशी गर्द हिरवी टोपी असे. सारखा रंग यावा व तोडणीची वेळ सहज कळावी म्हणून गेल्या शतकात जगभरच्या पैदासकारांनी ही टोपी नसलेली झाडे निवडली. २०१२ मध्ये ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की, त्या निवडीबरोबर फळात हरितद्रव्य वाढविणारा एक गुणघटक निकामी झाला, व फळातील साखर काहीशी घटली. दिसण्यासाठी चवीतून किंमत मोजली गेली, असा ह्याचा अर्थ होतो. म्हणून शेजारच्या शेतकऱ्याकडून थेट माल घेणाऱ्याने कच्च्या फळावर हिरवी टोपी आहे की काय, हे अवश्य पाहावे.

५. ऋतु

टोमॅटोचा लाल रंग ज्या द्रव्याने येतो ते साधारण ३० अंशांवरील उष्णतेत नीट तयार होत नाही; पिवळे द्रव्य मात्र होत राहते. त्यामुळे एप्रिल-मे मधील फळ नारिंगी दिसते. तो त्याचा कच्चेपणा नव्हे. परंतु कडक उन्हातील फळास हिवाळ्यातील फळाची रुची क्वचितच येते. पावसाळ्यात जमिनीत पाणी फार झाले की फळ फुगते, तडकते व रस पातळ होतो. थंडीच्या दिवसांत, दिवसा स्वच्छ ऊन व रात्री गारवा असता, फळ सावकाश पिकते व साखर चांगली धरते. देशभराचा विचार करता डिसेंबर ते फेब्रुवारी ह्या महिन्यांतच उत्पन्न सर्वाधिक असते, तर जुलै-ऑगस्ट व ऑक्टोबर-नोव्हेंबर हे साधारणतः तुटीचे महिने होत. म्हणजे जेव्हा टोमॅटो सर्वांत चवदार तेव्हाच बहुधा तो सर्वांत स्वस्त. गृहिणीने वर्षाचा बेत ह्यावर बसवावा : हिवाळ्यात टोमॅटो भरपूर खावा, काही साठवावा, आणि तुटीच्या महिन्यांत आंबटपणासाठी चिंच, आमसूल, ताक ह्यांवर भर द्यावा.

६. किफायतीचा हिशेब

किलोचा भाव हा खरा भाव नव्हे. पानात पडणाऱ्या मालाचा भाव तो खरा भाव. समजा, एका दुकानी टोमॅटो ४० रुपये किलो आहे व त्यात ५० ग्रॅम टाकाऊ निघतो. दुसऱ्या दुकानी भाव २८ रुपये असून ३५० ग्रॅम टाकाऊ निघतो. पहिल्याचा खाण्याजोगा किलो सुमारे ४२ रुपयांस पडला व दुसऱ्याचा सुमारे ४३ रुपयांस. बारा रुपयांची स्वस्ताई निवडण्यात व फेकण्यात संपून वर एक रुपया गेला.

दुसरा हिशेब रसाचा. पाणचट टोमॅटोच्या किलोत समजा ४० ग्रॅम विरघळलेले द्रव्य आहे व चांगल्यात ६० ग्रॅम. सारखेच दाट सार करावयाचे तर पहिल्याचा दीड किलो व दुसऱ्याचा एक किलो लागेल. शिवाय दीड किलो आटविण्यास जळण अधिक. पहिला ३० रुपये किलो असला तर दीड किलोस ४५ रुपये पडतात. दुसरा ४० रुपयांस असला तरी स्वस्तच पडला.

ह्यावरून काही व्यवहाराचे नियम निघतात. आठवड्याची खरेदी एकदम करावयाची असल्यास सर्व लाल फळे घेऊ नयेत. एक तृतीयांश पिकलेली, एक तृतीयांश गुलाबी व एक तृतीयांश रंग फुटलेली घ्यावी, म्हणजे रोज पिकते फळ हाताशी राहते व नासाडी टळते. हंगामात तीन-चार शेजाऱ्यांनी मिळून एक वीस किलोंची जाळी घेतल्यास घाऊक भावाच्या जवळपास माल पडतो. अति पिकलेला माल संध्याकाळी स्वस्त मिळतो. तो त्याच रात्री शिजवावयाचा असेल तरच घ्यावा. वीस किलो टोमॅटो काप करून, मीठ लावून कडक उन्हात वाळविल्यास सव्वा ते दीड किलो माल उरतो. तो हवाबंद बरणीत ठेवला असता तुटीच्या दिवसांत आमटीस चांगला उपयोगी पडतो.

७. घरी कसे ठेवावे?

साधारण १२-१३ अंशांखाली टोमॅटोस थंडी बाधते. कच्चे फळ असेल तर ते पुढे नीट पिकतच नाही. फ्लॉरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिकलेली फळे ५ अंशांवर सात दिवस ठेवली. नंतर ती बाहेर काढून एक दिवस उबेत ठेवली, तरी त्यांची गेलेली सुगंधी द्रव्ये पूर्ववत आली नाहीत. तेव्हा टोमॅटो शीतकपाटात न ठेवता, परडीत एका थराने, देठाची बाजू खाली करून, सावलीत व वाऱ्यावर ठेवावे. फळातील पाणी मुख्यत्वे देठाच्या खुणेतून उडते, म्हणून ती बाजू खाली. पूर्ण पिकलेले फळ नासण्याच्या बेतात असेल तरच एक-दोन दिवस शीतकपाटात ठेवावे. लवकर पिकवावयाचे असल्यास कच्ची फळे कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावी. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती पिकतात. फळे धुवावयाची ती वापरण्याच्या वेळी; धुऊन ओली ठेवू नयेत.

८. पिकविणाऱ्यास दोन शब्द

आता आमच्या शेतकरी बंधूंस. बाजार समितीच्या लिलावात रंग, आकार व कठीणपणा ह्या तिहींची बोली होते. चवीची बोली होत नाही. त्यामुळे चवीसाठी कष्ट घेणाऱ्याच्या पदरी आज काही पडत नाही, हे आम्ही मान्य करतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासपत्रात, गिऱ्हाइकाने टोमॅटोस दिलेल्या रुपयातील सुमारे तेहतीस पैसे शेतकऱ्यास पोहोचतात, असा अंदाज केला आहे. उरलेले सदुसष्ट पैसे वाहतूक, हमाली, नासाडी व मधल्या हातांचा नफा ह्यांत जातात. ह्यातील काही पैसे आपल्याकडे वळवावयाचे तर गिऱ्हाइकाशी सरळ गाठ घातली पाहिजे. २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला ह्यांची विक्री बाजार समितीच्या आवाराबाहेर करण्यास मोकळीक मिळाली, व त्याच सुमारास शहरांतून शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. अशा ठिकाणी विकणारा शेतकरी आपले फळ कापून गिऱ्हाइकास चाखावयास देऊ शकतो. लिलावात हे कदापि घडणार नाही.

अशा विक्रीसाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवितो. सर्व क्षेत्र एका जातीस न देता काही ओळी रसाळ, चवदार जातीच्या जवळच्या बाजारासाठी लावाव्या. नत्र हात राखून द्यावे, व पालाश मातीच्या परीक्षेप्रमाणे द्यावे. फळे रंगावर येऊ लागली की पाणी किंचित कमी करावे. वजन थोडे घटते, पण रस दाट होतो. पाणी एकदम तोडून मग भरपूर देऊ नये, त्याने फळे तडकतात. तोडणी सकाळी करावी, जाळ्या उन्हात राहू देऊ नयेत, व जवळच्या बाजारासाठी फळ गुलाबी झाल्यावरच काढावे. रंगाप्रमाणे जाळ्या निराळ्या कराव्या व वर चांगला, खाली हलका माल भरू नये. एकदा फसलेले गिऱ्हाईक दुसऱ्यांदा त्या पाटीशी थांबत नाही.

खाणाऱ्याने फक्त लाली पाहिली तर पिकविणारा फक्त लाली पिकवील, व त्यात दोघांचेही नुकसान आहे. येत्या हिवाळ्यात ज्यांच्याकडे तोड चालू असेल, अशा आमच्या सभासदांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा : एकाच वेलीवरील एक फळ रंग फुटताच तोडून घरात पिकवावे व दुसरे वेलीवर लाल होऊ द्यावे. मग दोन्ही कापून मीठ न लावता घरच्या मंडळींस, विशेषतः मुलांस, कोणते कोणते हे न सांगता खावयास द्यावी. आमच्या ह्या सर्व लेखाचे सार त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळेल. आणि तीच दुसरी फोड पुढे आठवडे बाजारात गिऱ्हाइकापुढे धरण्याचा धीरही येईल.